पेशींची पकड आणि यकृताची वाट

मुदखेड हें नांदेडजवळचें लहानसें जंक्शन आहे. मनमाडकडून नांदेडवरून येणारा लोहमार्ग येथें दुभागतो. एक फांटा बासर, निजामाबाद घेऊन सिकंदराबादेस जातो आणि दुसरा भोकर, किनवटच्या बाजूनें आदिलाबादेकडे वळतो. आसपासच्या मळ्यांतील गुलाब-मोगऱ्याचीं फुलें याच गांवाहून दूरच्या बाजारांत रवाना होतात. फलाटावर उभें राहून पाहणाऱ्यास दोन गोष्टी सहज दिसतात. गाडी रूळ नेतील तिकडेच जाते. पण कोणता उतारू कोणत्या स्थानकावर उतरेल हें रुळांवरून सांगतां येत नाहीं. ज्याचें जेथें कोणी असेल, ज्याला जेथें थारा मिळेल, तेथें तो उतरतो. कर्करोग शरीरांत एका जागेहून दुसऱ्या जागीं कसा जातो, आणि त्यांतही तो यकृतांतच इतक्या वेळां कां जातो, या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षें जो वाद चालला, तो मुळांत रुळांचा आणि थाऱ्याचा वाद आहे.

हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाहीं. मोठ्या आंतड्यांतील गांठ शस्त्रक्रियेनें काढली, जखम भरली, रोगी घरीं येऊन कामाला लागला, आणि दीड-दोन वर्षांनीं यकृतांत नव्या गांठी आढळल्या, असें जेव्हां घडतें तेव्हां घरांतील मंडळी एकच विचारतात : गांठ तर समूळ काढली होती, मग ही आली कोठून? उत्तर मिळालें नाहीं म्हणजे मनुष्य आपलेंच उत्तर तयार करतो. ‘सुरी लावली कीं रोग पसरतो’ हा समज खेड्यांतच काय, शहरांतील शिकलेल्या घरांतूनही अद्याप गेलेला नाहीं. आणि त्या भयानें तपासणीसाठीं गांठीचा तुकडा काढूं देण्यास लोक महिनोन्‌महिने टाळाटाळ करतात. खरें उत्तर शोधून काढण्यास शास्त्रालाही पुष्कळ काळ लागला.

कर्करोग फिरतो हें वैद्यांना फार पूर्वींपासून ठाऊक होतें. या फिरण्याला ‘मेटॅस्टॅसिस’ हें नांव फ्रेंच वैद्य रेकामिए यांनीं १८२९ सालीं दिलें. परंतु फिरतें तें काय? कांहीं दूषित रस रक्तांतून वाहतो आणि जेथें जातो तेथील मांस नासवितो, अशी समजूत होती. ‘पेशीपासूनच पेशी’ हा सिद्धान्त १८५८ सालीं जगापुढें मांडणारे जर्मन पंडित रुडॉल्फ व्हिर्कोव्ह हेसुद्धां या एका बाबतींत रसाच्या कल्पनेला चिकटून राहिले. ज्यांनीं पेशीला राज्यावर बसविलें, त्यांनाच पेशी प्रवासाला निघालेली दिसूं नये, हें नवल आहे. १८६९ सालीं ऑस्ट्रेलियांतील टॉमस अ‍ॅशवर्थ या वैद्यांनीं कर्करोगानें मेलेल्या एका माणसाच्या रक्तांत गांठींतल्यासारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या. उतारू दिसला, पण तो कोठें आणि कां उतरतो, हें कळावयाचें होतें.

१८८९ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत एक लेख लिहिला. स्तनाच्या कर्करोगानें मृत्यु पावलेल्या ७३५ रोग्यांच्या शवपरीक्षांचे कागद त्यांनीं गोळा केले आणि कारकुनाच्या चिकाटीनें मोजणी केली. २४१ जणांच्या यकृतांत रोग पोंचला होता; प्लीहेंत तो अवघ्या १७ जणांच्या. यकृत आणि प्लीहा दोन्ही पोटांतलींच इंद्रियें, आणि प्लीहेला रक्त पुरविणारी रोहिणीही कांहीं बारीक नव्हे. रक्तानें वाहून आणलेली पेशी वाटेल तेथें पडून रुजत असती, तर एवढा भेद पडण्याचें कारण नव्हतें. पॅजेट यांनीं बी आणि जमीन यांचा दृष्टान्त घेतला : बी चहूंकडे उडतें, पण रुजतें तें त्याला मानवणाऱ्या जमिनींतच. मोगरा कोणत्या वावरांत येतो आणि कोणत्या वावरांत जळतो, हें मुदखेडच्या मळेवाल्याला सांगावें लागत नाहीं. वैद्यकाला मात्र तें ७३५ शवांवरून शिकावें लागलें.

विरुद्ध पक्ष कमजोर नव्हता. अमेरिकेंतील जेम्स यूइंग यांनीं १९२८ सालीं असें प्रतिपादन केलें कीं जमिनीचा शोध घेण्याची गरजच नाहीं; रक्तवाहिन्या कोठून कोठें जातात तें पाहावें म्हणजे झालें. यकृताच्या बाबतींत हें म्हणणें फारच बळकट ठरतें. बहुतेक इंद्रियांतून निघालेलें रक्त सरळ हृदयाकडे परततें. पण जठर, आंतडीं, स्वादुपिंड आणि प्लीहा यांतून निघालेलें रक्त पोर्टल शीर नांवाच्या एका मोठ्या शिरेनें आधीं यकृतांत शिरतें. अन्नांतून आलेला सगळा माल या नाक्यावर तपासला जावा, अशी निसर्गाची योजना आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकीं सुमारें तीन चतुर्थांश रक्त याच वाटेनें येतें, आणि पुढें तें केसाहूनही अरुंद अशा असंख्य पोकळ्यांतून मंद गतीनें झिरपत जातें. या पोकळ्यांच्या भिंती चाळणीसारख्या सच्छिद्र असतात. आंतड्याच्या गांठींतील एखादी पेशी सुटून शिरेंत पडली, तर तिचें पहिलें स्थानक यकृत हेंच. आणि तें स्थानक असें कीं जेथें गाडी हळू चालते व फलाटाला कुंपणही विरळ असतें.

दोन्ही पक्षांजवळ पुरावे होते. निकाल लागेल असा प्रयोग माणसावर करणें मात्र शक्य नव्हतें. तो प्रयोग उपचाराच्या ओघांत आपोआप घडला. कांहीं रोग्यांच्या पोटांत कर्करोगामुळें पाणी सांचतें. त्यांना आराम पडावा म्हणून तें पाणी एका नळीनें गळ्याजवळच्या शिरेंत सोडण्याची युक्ति निघाली होती. त्या पाण्याबरोबर कर्करोगाच्या असंख्य जिवंत पेशी नित्य रक्तांत जात. इंग्लंडांतील डेव्हिड टॅरिन व त्यांचे सहकारी यांनीं अशा रोग्यांची पाहणी करून १९८४ सालीं ती प्रसिद्ध केली. या पेशींचें पहिलें स्थानक फुप्फुस. तरीही कित्येकांच्या फुप्फुसांत नवी गांठ मुळींच झाली नव्हती. गाडी फलाटाला लागली होती. उतारू उतरले नाहींत, किंवा उतरून जगले नाहींत. त्यापूर्वीं १९७० सालीं आयझाया फिडलर यांनीं उंदरांच्या रक्तांत किरणोत्सर्गी खूण केलेल्या कर्कपेशी सोडून दाखविलें होतें कीं चोवीस तासांनंतर त्यांपैकीं हजारांत एखादीही जिवंत उरत नाहीं. रूळ पेशीला दारापर्यंत आणून सोडतात, एवढेंच. आंत प्रवेश मिळणें ही निराळी गोष्ट आहे, आणि ती पेशीच्या पकडीवर अवलंबून असते.

ही पकड म्हणजे काय हें कळण्यासाठीं कर्करोग क्षणभर बाजूस ठेवून समुद्रांतल्या स्पंजाकडे वळावें लागतें. १९०७ सालीं अमेरिकेंतील एच्. व्ही. विल्सन यांनीं जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडांतून पिळून काढला. त्याच्या पेशी सुट्या होऊन पाण्यांत पसरल्या. थोड्या वेळानें त्या एकमेकींना बिलगूं लागल्या, आणि त्या पुंजक्यांतून पुन्हां स्पंज तयार झाला. शरीर म्हणजे विटांचा नुसता ढीग नव्हे. प्रत्येक विटेला आपली शेजारीण ओळखून धरणारे हात आहेत, हें त्यावरून दिसलें. हे हात कर्करोगांत कसे असतात? फिलाडेल्फियाचे डेल कोमन यांनीं १९४४ सालीं अतिसूक्ष्म सुयांनीं दोन चिकटलेल्या पेशी ओढून विलग केल्या, आणि सुई किती वांकते यावरून त्यांना सोडविण्यास किती जोर लागतो तें मोजलें. निरोगी अस्तराच्या पेशी सहजासहजीं सुटेनात. कर्करोगाच्या पेशी थोडक्या ओढीनें सुटल्या. महायुद्धाच्या धामधुमींत हा शोध प्रसिद्ध झाला. दोन पेशींमधला दोर सैल पडला आहे एवढें समजलें. दोर कशाचा वळलेला आहे तें समजण्यास आणखी तीस-चाळीस वर्षें जावीं लागलीं.

तो शोध एका लहानशा विसंगतींतून लागला. जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची हे क्योतोहून अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें कामाला गेले असतां, घरीं हमखास साधणारा प्रयोग तेथें साधेना. पाचक रसानें सुट्या केलेल्या पेशी पुन्हां चिकटेनात. दुसरा कोणी असता तर हात धुऊन मोकळा झाला असता. ताकेइची यांनीं दोन्हीकडचीं द्रावणें ताडून पाहिलीं, तेव्हां कळलें कीं बाल्टिमोरच्या द्रावणांत कॅल्शियम हरण करणारें एक द्रव्य मिसळलेलें असे. कॅल्शियम हजर असलें म्हणजे पेशींचे कांहीं हात त्या रसांतूनही शाबूत राहतात. तें नसलें कीं रस त्यांना कापून टाकतो. हें निरीक्षण त्यांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्या प्रथिनाला पुढें १९८४ सालीं ‘कॅडहेरिन’ हें नांव मिळालें. या प्रथिनाचें एक टोंक पेशीच्या बाहेर असतें. कॅल्शियमच्या आधारानें ताठ राहून तें शेजारच्या पेशीवरील आपल्याच जातीच्या प्रथिनाचा हात धरतें. दुसरें टोंक पेशीच्या आंत असून तें तेथल्या तंतूंच्या सांगाड्याला बांधलेलें असतें. नुसते दोन हात जुळून भागत नाहीं. खांद्यांतही बळ असावें लागतें.

कॅडहेरिनच्या अनेक जाती आहेत. त्वचा, आंतडीं, स्तन यांच्या अस्तरांत जी असते तिला ई-कॅडहेरिन म्हणतात. १९९१ सालीं जर्मनी व बेल्जियम येथील दोन गटांनीं स्वतंत्रपणें दाखवून दिलें कीं ज्या कर्कपेशींनीं ई-कॅडहेरिन टाकून दिलें आहे त्या शेजारच्या मांसांत घुसतात, आणि तेंच प्रथिन त्यांना परत दिलें तर घुसणें थांबतें. १९९८ सालीं न्यूझीलंडमधील एका माओरी घराण्याची कहाणी उलगडली. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरांतील तरुण माणसें जठराच्या कर्करोगानें दगावत होतीं. त्यांच्या ई-कॅडहेरिनचा मूळ लेखच वंशपरंपरेनें बिघडलेला निघाला. दोराची एक वीण चुकली आणि घराणेंच्या घराणें उसवलें.

महाराष्ट्रांत या शास्त्राची घडी बसली ती मुंबईच्या परळ भागांतील टाटा स्मारक रुग्णालयांत. तें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. लंडनांत विकृतिशास्त्राचें शिक्षण घेऊन आलेल्या या गोमंतकीय गृहस्थांनीं पाश्चात्त्य ग्रंथांतील कर्करोगावर समाधान मानलें नाहीं; आपल्या लोकांच्या चालीरीतींमुळें होणारा कर्करोग त्यांनीं शोधला. कमरेला धोतर घट्ट कसण्याच्या जागीं होणारा कर्करोग त्यांनीं वर्णिला, तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांच्या तोंडाचा व घशाचा अभ्यास केला. १९५२ सालीं परळ येथें भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालें, त्यामागें त्यांचाच पुढाकार होता. त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनीं अमेरिकेंतील जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत काम केलें आणि परत येऊन मुंबईंत पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. ही गोष्ट दिसते त्याहून मोठी आहे. पेशी बाटलींत वाढवितां आल्याशिवाय तिची पकड मोजणार कशी?

आपल्याकडील कर्करोगाचें एक वैशिष्ट्य येथें लक्षांत घ्यावें लागतें. खानोलकरांच्या काळापासून आजतागायत या प्रांतांत तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणांत आढळतो, आणि तो बहुधा प्रथम मानेंतील रसग्रंथींत उतरतो. यकृताची वाट तो क्वचित्‌ धरतो. त्यामुळें येथील संशोधकांचें लक्ष सुटण्याच्या प्रश्नाकडे अधिक गेलें. परळचीच प्रयोगशाळा पुढें नवी मुंबईंत खारघर येथें गेली. २००२ सालापासून ती अ‍ॅक्ट्रेक या नांवानें ओळखली जाते. तेथें डॉ. मिलिंद वैद्य यांनीं तोंडाच्या अस्तरांतील तंतु-प्रथिनें आणि पेशीला खालच्या थराशीं बांधून ठेवणारें इंटिग्रिन यांचा दीर्घ अभ्यास केला. डॉ. सोराब दलाल व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं दाखविलें कीं आंतड्याच्या कर्कपेशींतून प्लॅकोफिलिन-३ नांवाचें सांध्याचें प्रथिन कमी केलें तर त्या पेशींची परस्परांवरील पकड सुटते आणि उंदरांत रोग दूर पसरतो. डॉ. राजीव कलरैया यांच्या गटानें दुसरें टोंक धरलें. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांवर गॅलेक्टिन-३ नांवाचें प्रथिन विपुल असतें, आणि कांहीं कर्कपेशींच्या अंगावरील विशिष्ट शर्करेच्या लांब साखळ्या नेमक्या त्यालाच अडकतात, असें त्यांनीं दाखवून दिलें. पॅजेट यांची ‘जमीन’ येथें एका कडीच्या आणि एका कोयंड्याच्या रूपानें हातीं आली.

ही झाली फुप्फुसाची कडी. यकृताची कडी हातीं आली ती कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें. आणि आश्चर्य असें कीं ती चोवीस वर्षें सर्वांच्या डोळ्यांसमोर असून तिला कोणी ओळखलें नव्हतें. १९६५ सालीं मॅकगिल विद्यापीठांतील फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनीं मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत एक प्रथिन शोधून काढलें. तें गर्भाच्या आंतड्यांतही सांपडे, म्हणून त्याला ‘कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन’, संक्षेपानें सी. ई. ए., असें लांबलचक नांव पडलें. १९६९ सालीं तें रक्तांतही मोजतां येऊं लागलें. जगभर डॉक्टर तें मोजूं लागले. वाढलें तर रोग परतला असावा, असा तर्क करूं लागले. पण त्याचें काम काय, हें कोणी विचारीना. धुरावरून आग ओळखावी, तसा त्याचा उपयोग. १९८९ सालीं त्याच मॅकगिल विद्यापीठांतील क्लिफर्ड स्टॅनर्स यांच्या गटानें हें प्रथिन पेशींच्या अंगावर बसवून पाहिलें, तों त्या पेशी एकमेकींना चिकटल्या. धूर समजून ज्याचें मोजमाप चाललें होतें, तें स्वतःच पेशीचा हात निघालें.

यकृतांत या हाताला धरणारा मिळतो. यकृताच्या पोकळ्यांत कुप्फर पेशी नांवाचे पहारेकरी ठाण मांडून असतात. १८७६ सालीं जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कुप्फर यांनीं त्यांचें वर्णन केलें, म्हणून हें नांव. रक्तांतील कचरा आणि जंतु गिळणें हें त्यांचें काम. पुष्कळ कर्कपेशींचाही त्या फडशा पाडतात. पण सी. ई. ए. त्यांना नेमकें ओळखूं येतें. तें धरतांच त्या चेतून कांहीं द्रव्यें सोडतात, आणि त्या द्रव्यांच्या इशाऱ्यासरशीं पोकळ्यांच्या भिंतींवर सिलेक्टिन व तत्सम प्रथिनांचे आंकडे उभे राहतात. हे आंकडे वास्तविक रक्तांतील श्वेतपेशींना जखमेच्या जागीं उतरवून घेण्यासाठीं असतात. कर्कपेशी त्यांनाच लोंबकळून उतरते. पहारेकऱ्यानें शिपायांना बोलावण्यासाठीं सोडलेला दोर धरून चोरानें माडी चढावी, तसाच हा प्रकार. उंदरांना आधीं सी. ई. ए. टोंचून मग आंतड्याच्या कर्कपेशी दिल्या असतां यकृतांतील गांठींची संख्या वाढते, असें प्रयोगांत दिसून आलें आहे.

भिंतीला लटकणें म्हणजे मुक्काम नव्हे. पुढें पेशीला चाळणींतून आंत शिरून यकृताच्या मांसाला धरावें लागतें, आणि तेथें इंटिग्रिनें व इतर प्रथिनें कामाला येतात. मॉन्ट्रियलमध्येंच पीटर सीगल यांच्या गटानें २०११ सालीं असें दाखविलें कीं स्तनाच्या ज्या कर्कपेशी यकृतांत स्थिरावतात त्यांच्या अंगावर क्लॉडिन-२ नांवाचें प्रथिन वाढलेलें असतें. २०१५ सालीं न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटानें तर आणखी पुढची गोष्ट सांगितली. मूळ गांठ आपल्या अंगांतून सूक्ष्म पुटकुळ्या रक्तांत सोडते. त्यांवर जें इंटिग्रिन असेल त्याप्रमाणें त्या फुप्फुसांत किंवा यकृतांत जाऊन बसतात आणि पेशी येण्यापूर्वींच जागा मशागत करून ठेवतात. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही कीं सुटतांना टाकून दिलेलें ई-कॅडहेरिन यकृतांत घर झाल्यावर पुष्कळ पेशी पुन्हां अंगावर चढवितात. परगांवीं स्थिरावलेला मनुष्य शेजारधर्म पुन्हां पाळूं लागतो, त्यांतलीच ही तऱ्हा.

तेव्हां ‘गांठ काढली होती, मग ही आली कोठून’ या प्रश्नाचें उत्तर असें कीं, पेशी गांठ काढण्यापूर्वींच सुटलेली होती, यकृताच्या भिंतीला धरून बसलेली होती, आणि डोळ्यांना दिसण्याइतकी व्हावयास तिला तेवढा काळ लागला. सुरीच्या भयाला या इतिहासांत फारसा आधार सांपडत नाहीं. सुईच्या मार्गांत पेशी रुजण्याचा थोडा धोका कांहीं थोड्या ठिकाणीं असतो, आणि खुद्द यकृताची गांठ त्यांपैकींच एक असल्यामुळें तेथें डॉक्टर सुई घालण्यापूर्वीं विचार करतात. पण तेवढ्यावरून तपासणीच टाळणें म्हणजे सुटणाऱ्या पेशींना आणखी मुदत देणें होय.

ही पकड औषधानें सोडवितां येईल काय? प्रयत्न झाले. इंटिग्रिनला अडविणारें सिलेंजिटाइड नांवाचें औषध मेंदूच्या कर्करोगावर मोठ्या प्रमाणांत वापरून पाहिलें. २०१४ सालीं निकाल लागला कीं त्यानें रोग्यांचें आयुष्य वाढत नाहीं. अडचण उघड आहे. ज्या हातांनीं कर्कपेशी यकृत धरते त्याच जातीच्या हातांनीं निरोगी आंतडें आंतडें राहतें. म्हणून यकृतांतील डाग थोडे व काढण्याजोगे असले तर अजूनही शस्त्रक्रिया हाच मोठा उपाय ठरतो, आणि कांहीं रोगी त्यानंतर वर्षानुवर्षें निरोगी राहतात. यकृताचा बराच मोठा भाग काढला तरी उरलेलें यकृत वाढून ती तूट भरून काढतें. दुसऱ्या कोणत्याही मोठ्या इंद्रियाला हें साधत नाहीं.

पण त्यासाठीं डाग वेळेवर दिसावे लागतात. आंतड्याची शस्त्रक्रिया झालेला रोगी मुदखेडचा असो कीं मुंबईचा, पहिलीं कांहीं वर्षें दर तीन ते सहा महिन्यांनीं त्याचें रक्त तपासलें जातें, आणि हातीं येणाऱ्या कागदावर सी. ई. ए.चा आंकडा असतो. दर मिलिलिटरला पांच नॅनोग्रॅमपर्यंत तो बहुधा निर्धास्त समजतात. चढत गेला तर यकृताचें चित्र घ्यावयास सांगतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत रोग नसतांनाही तो थोडा चढलेला सांपडतो. म्हणून कागद हातीं घेतल्यावर डॉक्टर पुष्कळदां आधीं विडीची चौकशी करतो, आणि मग यकृताची.